वार्षिक पाठाच्या दिवशी

काटोलकडच्या रुपराव ठाकऱ्यांची गोपिका नागपूरला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात आली ती चौऱ्याहत्तर साली. पोरीनं गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उभं राहावं, हे रुपरावांच्या गळी उतरत नव्हतं. "मास्तरीण व्हय ना तू, पण वर्गात बसून शिकवणारी व्हय," असं ते एसटीत बसवून देतानाही म्हणाले. पण गोपिका खो-खोत विद्यापीठापर्यंत खेळलेली आणि हट्टाची पक्की.

कॉलेजात पहाटे साडेपाचला मैदान, दुपारी शरीररचना आणि आरोग्यशिक्षण, उन्हं कलली की पुन्हा मैदान. पहिले दोन महिने तिला जिना उतरताना कठड्याला धरावं लागायचं. तरी तिचा जीव रमला तो आरोग्यशिक्षणात. मुलाच्या पापण्या उलटून, नखं दाबून, जीभ पाहून किती कळतं, याचं तिला नवल वाटे.

डिसेंबरात सराव पाठांसाठी तिला जरीपटक्याजवळची मुलींची शाळा मिळाली. आठवीचा वर्ग, चाळीस मुली. पहिल्याच आठवड्यात तिनं सगळ्यांच्या आरोग्यपत्रिका भरल्या. शेवटच्या रांगेत तारा नावाची मुलगी होती, काडीसारखी, वयापेक्षा दोन वर्षांनी लहान दिसणारी. गोपिकानं तिची पापणी खाली ओढली आणि पत्रिकेत लिहिलं, 'डोळे पिवळसर. नखे फिकट. सांधे दुखतात असे सांगते.'

वर्गशिक्षिका शोभाताईंना तिनं पत्रिका दाखवली.

"तिचं काय घेऊन बसलीस?" शोभाताई हसल्या. "दर महिन्याला नवं दुखणं. पळायचं म्हटलं की पाय दुखतो, गणित म्हटलं की हात. नाटकी पोरगी आहे."

शोभाताईंची नोकरी वीस वर्षांची. गोपिकानं पत्रिका गठ्ठ्यात परत ठेवली.

फेब्रुवारीच्या शेवटी वार्षिक पाठ, म्हणजे शिकवण्याची शेवटची परीक्षा, आली. बाहेरगावचे परीक्षक खुर्चीवर, शेजारी कॉलेजचे गिरिधर भोयर सर. अकराचं ऊन मैदानावर चांगलंच तापलं होतं. मुली रांगेत उभ्या राहत असताना तारा पुढे आली.

"बाई, आज मी बसू काय? माहे पाय लय ठणकून राहिले."

गोपिकाच्या टाचणात लिहिलेलं होतं : पट चाळीस, हजर चाळीस, सहभागी चाळीस. एक मुलगी सावलीत बसली तर परीक्षक विचारणार. काय सांगायचं?

"हळूहळू पळ," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आजच्या दिवस पळ."

तारा पळाली. मैदानाच्या तीन फेऱ्या, मग रिले. मधेच ती नळाकडे वळली तेव्हा गोपिकानं शिट्टी वाजवली. व्यायामाच्या मध्ये पाणी प्यायचं नाही, असाच तेव्हा नियम होता. तिलाही तसंच शिकवलेलं. तारा परत रांगेत आली. पाठ बरोबर पस्तीस मिनिटांत संपला. परीक्षकांनी मान डोलावली. त्या पाठाला गोपिकाला कॉलेजच्या वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले.

तीन दिवसांनी ती राहिलेलं साहित्य न्यायला शाळेत गेली, तेव्हा शिपायानं सांगितलं, तारा मेडिकलमध्ये, मोठ्या सरकारी दवाखान्यात आहे. पाठाच्याच संध्याकाळी तिला ताप भरला होता आणि कमरेतल्या कळांनी ती रात्रभर ओरडत होती.

गोपिका तशीच सायकलवर निघाली. वॉर्डात ताराच्या उशाशी तिची आई बसली होती, प्रयागबाई. नवरा वाडीच्या गोदामात हमाल, ती स्वतः चार घरची धुणी करणारी. तारा डोळे मिटून कण्हत होती. हाताला सलाइन.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी गोपिकाला बाजूला घेऊन समजावलं. रक्ताचा आजार, सिकलसेल. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. आपल्या भागात पुष्कळ घरांत आहे, पण लोकांना ठाऊक नसतं. ऊन, दमणूक, अंगातलं पाणी कमी होणं, कशानंही कळा सुरू होतात.

"डोळे पिवळे असतील तिचे आधीपासून," डॉक्टर म्हणाले. "कुणी पाहिलं नसेल."



दुसऱ्या दिवशी गोपिका भोयर सरांकडे गेली आणि सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला. "तू डॉक्टर आहेस का? नाही ना? मग? पाठ झाला, गुण लागले. आता उगीच लिहूनबिहून देऊ नकोस. नाहीतर शाळा उद्यापासून आपल्याला मैदान देणार नाही."

सरांनी तिच्या भल्यासाठीच सांगितलं होतं. तिनं लिहून दिलं नाही. पण चौथ्या दिवशी वॉर्डात जाऊन ती प्रयागबाईंसमोर उभी राहिली.

"बाई, तारानं मला सांगितलं होतं पाय दुखतात म्हणून. मीच पळवलं तिला. पाणीही पिऊ दिलं नाही."



"माहा मोठा पोरगा असाच गेला," प्रयागबाई म्हणाली. "कळा, कळा करत. लोक म्हणत, कोणाची नजर लागली. तुले त लिहिता-वाचता येते वं. तुले दिसलं होतं, मंग काहून पळवलं?"

 

तारा वाचली. पण रक्त न पोचल्यानं डावा खुबा निकामी झाला आणि ती पाय ओढत चालू लागली. नववीत तिची शाळा सुटली. गोपिका दोन-तीनदा त्यांच्या घरी गेली; प्रयागबाई चहा द्यायची, बोलायची नाही.

पुढे गोपिकाला अमरावती रोडवरच्या एका शाळेत नोकरी लागली. दर जूनमध्ये आरोग्यपत्रिका पूर्ण झाल्याशिवाय ती कुणाला पळवत नसे आणि शंका आली की मुलीला रक्त तपासायला पाठवी. मुख्याध्यापक गणपतराव कुरकुरत. "तुमच्या पोरी बसलेल्याच दिसतात, ठाकरेबाई. सामन्यांची ढाल कधी आणणार?" सात वर्षांत तिच्या शाळेनं एकही ढाल आणली नाही.

त्र्याऐंशी साली पुष्पलता नावाच्या सातवीतल्या मुलीच्या रक्तात तोच आजार निघाला. गोपिकाला वाटलं, निदान ही वेळेत सापडली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील नत्थूजी शाळेत आले ते रागानं लाल होऊन.

"बाई, तुमाले कोनं सांगतलं होतं माह्या पोरीचं रक्त पाहाले? मोहल्ल्यात बोंब झाली. आता हिच्याशी लगन कोन करन?"

"दादा, तिला जपता येईल. औषध आहे, पाणी भरपूर..."

"तुमी आपलं मैदान सांभाळा," म्हणत त्यांनी दाखला मागितला आणि पोरीला घेऊन गेले.

गोपिका त्यांच्या घरी तीनदा गेली. दोनदा दार उघडलं नाही. तिसऱ्या खेपेला नत्थूजी कामावर होते. पुष्पलताच्या आईनं दार बोटभर उघडलं, काय करायचं आणि काय टाळायचं ते गोपिकानं लिहून आणलेला कागद हातात घेतला आणि दार लावून घेतलं. तिला वाचता येत होतं की नाही, हे गोपिकाला ठाऊक नव्हतं. ती पायरी उतरली आणि सायकल घेऊन शाळेकडे वळली.