न मोडलेलं टेबल

फारसे कुणाला ठाऊक नसलेले जुने कुंगफूचे सिनेमे बघायची मला खोड आहे. परवा दुपारी असाच एक मोबाइलवर लावला होता. खाणावळीतल्या मारामारीत नायकाने लाथ घातली आणि निळ्या सदऱ्यातला एक माणूस माडीवरून थेट टेबलावर आदळला. अशा मारामारीसाठी मुद्दाम कच्चं बनवलेलं ते टेबल मोडायला हवं होतं, पण मोडलं नाही. तो चेंडूसारखा उसळून खाली पडला. मी खो खो हसलो. सिनेमा मागे नेऊन पुन्हा हसलो. शेजारी मेथी निवडत बसलेल्या बायकोलाही मुद्दाम दाखवलं.

ती म्हणाली, "अहो, टेबल मोडलं नाही म्हणजे त्याला खरंच लागलं असेल."

मग मला दिसलं. मेल्याचं सोंग घेऊन पडलेल्या त्या माणसाचा हात हळूच कमरेकडे गेला. मेलेल्याला कण्हायचीही सोय नसते. आपण आपले जिंकणाऱ्याकडे बघत राहतो. त्याच्या विजयाखाली कुणाची तरी कंबर असते, हे ध्यानातच येत नाही.

सिनेमा पुढे सरकला होता.

"उठला का हो तो?" तिने विचारलं.

मला सांगता येईना. बघायचं तर सिनेमा मागे न्यायला हवा होता, पण शरमेने बोट पुढे होईना. उठण्याआधी तो पुन्हा पडला असता.