पाठीमागे पडलेली परात

मित्रहो, दुपारपासून काही सुचत नाही, म्हणून इथे लिहितो.

भाव नाही म्हणून यंदाचा कापूस घरातच पडून आहे. त्या ढिगावर नातीला बसवून मी रोज शाळेतल्या कविता म्हणतो. पावणेदोन वर्षांची झाली, अजून एक शब्द बोलत नाही. पण माझ्या तोंडाकडे बघून इतकं गोड हसते! मला वाटे, पोरीला यमक कळतं.

आज तिच्या पाठीमागे सुनेच्या हातून परात पडली. मांजर पळालं, मी दचकलो. नात हसतच राहिली.

सुनेनं परात उचलून मुद्दाम पुन्हा आपटली. "मामाजी, हे वळून काहून नाही पाहून राह्यली?"

"अवं, खेळात हाय थे."

"सारे म्हनत, हिचा बाप बी उशिराच बोलला. मी आपली जिभेले वेखंड लावत बसली."

मी नातीच्या पाठीमागे जाऊन जोरात हाक मारली. ती वळली नाही.

उद्या तिला यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडे नेतो आहोत. तुमच्याकडे उशिरा बोलणारं लेकरू असेल, तर आजच त्याच्या मागे ताट वाजवून पाहा.

नात आता मांडीवर येऊन बसली आहे, कवितेसाठी तोंड वर करून. म्हणू का हो?