नानांच्या नावेचा कार्बुरेटर

आमच्या आत्याच्या यजमानांइतका मायाळू आणि तितकाच दुसऱ्याच्या जिवावर उठणारा माणूस उभ्या खानदेशात झाला नाही. नाना म्हणायचो आम्ही त्यांना. घरातली चालती वस्तू उघडून पाहिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. एकदा ताकाच्या रवीला त्यांनी सायकल जोडली. ताक आढ्याला लागलं, तर म्हणे लोणी हलकंच असतं, वर जायचंच.

पण खरी कडी झाली ती नावेची. आत्याचं सासर तापीच्या पलीकडे, माहेर आमचं, चोपड्याकडचं. माझे वडील पायांनी अधू. उन्हाळ्यात नदीतून बैलगाडी यायची, पण ऐन राखीला तापीला पूर. वल्ह्याची होडी कोणी काढत नसे. दरवर्षी आत्या राखी हातात घेऊन रडायची आणि नानांना ते बघवेना. तालुक्यात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातल्याच एका मोडक्या मोटारीचं इंजिन त्यांनी जुन्या होडीत बसवलं. विकणाऱ्याने बजावलं होतं, की पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्बुरेटर तेवढा बंदरातल्या लाँचचा घ्या. त्यातलं उतू गेलेलं पेट्रोल इंजिनातच जातं, मोटारीचं बाहेर टपकतं. यावर नानांचं उत्तर, "पेट्रोलले काय माहीत, खाले रस्ता शे का नदी?"

आता नवं वाहन म्हटलं की पूजा आलीच. आषाढातली सकाळ, नाव काठाला बांधलेली, बघायला निम्मं गाव आणि उन्हाळ्यापासून आत्याकडेच राहिलेला मी. नानांनी इंजिन फुरफुरवून बंद केलं आणि आत्या नावेत चढून आरती ओवाळू लागली. तबकातली पेटती कापराची वडी खाली घरंगळली आणि अहो, भक्कन नावच पेटली! नानांनी आत्याला उचललं, सरळ तापीत फेकलं आणि मागोमाग स्वतः उडी टाकली. आम्ही ओढून काढलं तेव्हा आत्याचा पदर जळालेला आणि नानांच्या भुवया साफ गेलेल्या. जळत्या नावेकडे बघत नाना म्हणाले, "मोटारनं टपकेल पेट्रोल रस्तावर वाऱ्यानं उडी जास. नावले तळ शे ना, भाऊ."

आत्या वाचली, पण पुन्हा म्हणून कुठल्याच नावेत बसली नाही. मग दर श्रावणात पूर जरा ओसरला की नाना एकटेच साध्या होडीतून यायचे. वडिलांसमोर मांडी घालायचे, धोतराच्या सोग्यातून तिची राखी काढायचे आणि ग्रीसने काळ्या बोटांनी मेहुण्याच्या मनगटाला बांधायचे. ओवाळायचे मात्र निरांजन न पेटवता. पहिल्या वर्षी वडील पोट धरून हसले. पुढे हसेनासे झाले.

आत्या गेली त्या वर्षीही नाना आले. राखी त्यांनीच केलेली, वेडीवाकडी.

"बांधू ना, आबा?" त्यांनी विचारलं.

वडिलांनी हात पुढे केला.