मधात एक वेळ थांबीन

नवरदेव घोडीवर बसला की सगळे त्याच्याकडेच पाहतात. फेटा, कट्यार, हार, गालावरचा काजळाचा ठिपका, मोबाइलमध्ये टिपायला कशाची कमी नसते. त्याच्याखालच्या घोडीला लघवी लागली असेल का, असा विचार त्या गर्दीत कोणी करत असेल असं मला वाटत नाही. आमच्या घरात मात्र लग्नसराईचे सगळे दिवस याच एका काळजीत जायचे. मी त्या घरात वाढले, म्हणून आजही कुठे वरात दिसली की माझी नजर आधी घोडीच्या शेपटीकडे जाते. माझ्या नवऱ्याला हा अडाणीपणा वाटतो. वाटो बापडा.

मालेगावच्या बाहेर, वाशीमच्या रस्त्याला लागून आमची भाजीपाल्याची वाडी होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात गवार. बाबा भाजी काढायचे, आई बाजारात बसायची. घोडी आमच्याकडे आली ती जऊळक्याच्या एका म्हाताऱ्या टांगेवाल्याकडून. स्टेशनवर ऑटो आले, टांग्यात बसायला माणूस उरलं नाही, आणि त्याला ती खाटकाच्या नजरेसमोर ठेवायची नव्हती. बाबा घरी येऊन म्हणाले, "वांग्याले खत होईन." आई म्हणाली, "खतासाठी घोडी आणणारा माणूस म्या तरी पाह्यला नोता." पण ती पांढरी होती, देखणी होती, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात तिच्यासाठी लग्नाच्या सुपाऱ्या येऊ लागल्या. बाबा तिला 'बाई' म्हणायचे. मलाही बाईच म्हणायचे. त्यामुळे त्यांनी आवाज दिला की ओ द्यायची का गोठ्याकडे पाहायचं, हे मला आधी ठरवावं लागे.

टांगेवाल्याने घोडीबरोबर बाबांना एक शीळही दिली होती. बोटं तोंडात घालून मारतात तसली नव्हे, ओठांतल्या ओठांत, बारीक, लांबवलेली. ती ऐकली की घोडी पाय फाकवून उभी राहायची, शेपूट बाजूला करायची आणि मोकळी व्हायची. लीद घोडं चालता चालताही टाकतं, त्याचं कोणाला काही वाटत नाही. लघवीला मात्र त्याला थांबावं लागतं. त्यातही जमीन मऊ लागते. डांबरावर, सिमेंटवर पायांवर शिंतोडे उडतात म्हणून घोडी तासन्‌तास धरून ठेवते. आणि गावोगावी रस्ते तर सिमेंटचेच झालेत. पाठीवर नवरदेव, कानात डीजे, पायाखाली सिमेंट, आणि ती बिचारी धरून चाललेली. बाबांना ते बघवत नसे.

म्हणून सुपारी घेतानाच ते अट घालत, "मधात एक वेळ थांबीन." लोक हसत. लग्नाच्या दिवशी सकाळी बाबा परण्या निघायची ती वाट स्वतः पायी चालून येत. परण्या म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, जानोशापासून, म्हणजे वऱ्हाड उतरतं तिथून, मारुतीपर्यंत आणि तिथून मांडवापर्यंत. वाटेत कुठे शेताचा बांध, कुठे उकिरड्याजवळची भुसभुशीत जागा, ती हेरून ठेवत. तिथे पोचलं की घोडी बाजूला घेत आणि नवरदेवाला सांगत, "जरा पुढं होऊन वजन उचला, भाऊ." एवढा नटलेला तो माणूस रिकिबीत उभा राहून घोडीच्या मानेला धरायचा, त्याचे मित्र खिदळायचे, आणि बाबा शांतपणे शीळ घालायचे.

शिरपूरकडचा एक घोडीवाला होता, त्याच्याकडे दोन घोड्या होत्या. तो चहाला आला की हा वाद ठरलेला. "निंघाच्या आंधी मोकळी करून आणाची, मंग मांडवापर्यंत थांबाचं नाई," तो म्हणे. "एक डाव सवय लावली का ते जनावर डोक्यावर बसते. उद्या दर खांबापाशी थांबीन." बाबा म्हणत, "घरून लघवीले जाऊन निंघालं तरी माणूस वाटेत जाते ना?" तो म्हणे, "माणसाची गोष्ट येगळी." "काहून येगळी?" यावर तो बशीतला चहा फुर्र करून पिऊन टाकी. त्याचं सगळंच चुकत होतं असं नाही. आमची घोडी खरंच लाडावली होती. वरातीतली पोरं नाचता नाचता शिट्ट्या मारत, आणि हिला वाटे परवानगी मिळाली. भर चौकात बँडपुढे ती पाय फाकवून उभी राहिल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. पोरांना हे कळलं तेव्हा तर त्यांनी मुद्दाम शिट्ट्या मारल्या, आणि बाबा लगाम धरून एकेकाच्या हातापाया पडत होते. घरी येऊन ते सांगताना मात्र ते स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग माझं लग्न ठरलं. सासर शिरपूरचं, किराणा दुकानवालं घर. मागणी त्यांच्याकडून आली म्हणून आमच्याकडे सगळे हुरळून गेले होते. घोडी अर्थातच आमची. लगाम माझ्या मामाने धरायचा असं ठरलं होतं, पण डीजेच्या आवाजात ती मामाला ऐकणारी नव्हती. बाबा म्हणाले, मीच जातो. आई चिडली. "पोरीचा बाप लगाम धरून चालीन का त्याईच्या पुढं? लोक काय म्हणतीन?" बाबा म्हणाले, "दुसरा कोणी तिले थांबू देणार नाई." नवा सदरा, खांद्यावर उपरणं, आणि हातात लगाम, असे ते निघाले. मला तेव्हा त्यांची लाज वाटली नाही. उलट बरं वाटलं होतं.

लग्न मालेगावातल्याच एका कार्यालयात होतं. मी वरच्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसले होते. खिडकीतून फाटक दिसायचं आणि रस्त्याचा एक तुकडा. पाहुण्यांनी जानोशातून निघायला उशीर केला होता, मुहूर्त जवळ येत होता आणि ऊन असं होतं की खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. बाबांनी हेरलेली जागा फाटकाच्या अलीकडे, एका नांगरलेल्या वावराच्या कडेला होती. तिथे ते घोडी बाजूला घेऊ लागले. पुढे काय बोलणं झालं ते मामाने मला नंतर सांगितलं. माझे चुलतसासरे पुढे आले आणि म्हणाले, "व्याही, मुहूर्त टळून राह्यला, अन्‌ तुमी घोडी मुतवत बसता का?" चार लोक हसले. बाबा म्हणाले, "दोन मिंटं, दादा." चुलतसासरे म्हणाले, "घोडीवाले असान तं थांबा. पोरीचे बाप असान तं चला."

बाबा चालले.

फाटकाशी धूळ उडू नये म्हणून सकाळपासून पाणी मारलेलं होतं. काळी माती, मऊ झालेली, त्यावर माझ्या मैत्रिणींनी घातलेली मोठी रांगोळी. एवढ्या सिमेंटनंतर घोडीच्या पायांना लागलेली ती पहिली माती. ती तिथे थांबली. आई ओवाळायला ताट घेऊन पुढे उभी, सासूबाई बाजूला, सगळे पाहुणे वाट पाहत, आणि घोडीने शेपूट उचलली. मला वरून सगळं दिसत होतं. बाबांनी एकदा चुलतसासऱ्यांकडे पाहिलं. मग लगामाचं मोकळं टोक हातात घेतलं आणि तिच्या तोंडावर मारलं. एकदा नाही, दोनदा.

आमच्या घरात घोडीवर कोणी हात उगारलेला मी कधी पाहिला नव्हता. तिने मान झटकली, शेपूट मिटली आणि ती रांगोळीवरून आत आली. डीजे चालूच होता. कोणाला काही विशेष घडल्यासारखं वाटलं नाही. लग्नाच्या व्हिडिओतही ते नाही, त्या वेळी कॅमेरा आईच्या ताटावर होता. मैत्रिणी मला म्हणत होत्या, नवरदेव बघ, किती छान दिसतोय. मी बाबांकडे पाहत होते. ते हसत होते. हात जोडून पाहुण्यांना या, या म्हणत होते. ते हसणं मला अजून सहन होत नाही.

पोरीच्या बापाला त्या दिवशी बसायची सवड नसते. पाय धुणं, कन्यादान, पंगती, मानपान, कोणी रुसलं तर त्याची समजूत. घोडी कोणीतरी जनरेटरमागे सिमेंटच्या ओट्याशी बांधून टाकली होती. बाबा तिच्याकडे जाऊ शकले ते उन्हं कलल्यावर, माझी पाठवणी व्हायच्या जरा आधी. मी गाडीत बसले होते, गाडीवाला हॉर्न वाजवत होता आणि बाबा कुठे दिसत नव्हते. मग काचेतून दिसले. घोडीला त्यांनी ओढून मातीवर आणलं होतं आणि तिच्या पोटाजवळ वाकून ते शीळ घालत होते. ती उभी होती. कान मागे, पाय जुळवलेले. पुन्हा शीळ. ती तशीच. माझी आत्या म्हणाली, "याले पोरीपेक्षा घोडी जास्त झाली." शेवटी बाबा आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मागे सरले. त्यांच्या हाताला घोडीचा वास येत होता. मी रडले ते त्याच वासाने.

सासरी काय वाढून ठेवलं होतं ते फार सांगत नाही. मारहाण नव्हती. उपाशी कोणी ठेवलं नाही. फक्त त्या घरात माझं एकही वाक्य कोणी पुरं होऊ देत नसे. मी तोंड उघडलं की सासूबाई म्हणायच्या, "घोडीवाल्याच्या घरची रीत इथं नाई चालत." नवरा तेव्हा पेपर वाचत असायचा. त्याला मी एकदा विचारलं होतं, आपल्या लग्नात फाटकाशी बाबांनी घोडीला मारलं, तुम्ही तर वरच बसला होता, तुम्हाला काही वाटलं नाही का? तो म्हणाला, "मारलं? मले तं आठवत नाई." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. मला त्याचा जास्त राग आला.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. दिवस भरत आले होते, कोणी काम सांगत नव्हतं, म्हणून मी वाडीत हळूहळू फिरायची. बाबांनी लग्नाच्या सुपाऱ्या घेणं सोडून दिलं होतं. आई म्हणे, गुडघे दुखतात म्हणून. घोडी नुसती खाऊन राहायची आणि वांग्याला खत द्यायची, बाबांनी पहिल्या दिवशी म्हटलं होतं तसं. एका संध्याकाळी पाहिलं, बाबा तिला घेऊन मेथीच्या वाफ्यांपलीकडे गेले. तिथे माती मऊ होती. त्यांनी तिचा दोर सैल सोडला आणि ते परत वळून पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, कुंपणाआड येऊन उभे राहिले. पाठ फिरवून. मी त्यांच्याजवळ गेले तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"काय झालं, बाबा?"

"माह्यासमोर नाई करत ते," ते हळूच म्हणाले. "तवापासून. शीळ घातली तं अंग चोरते. मी असा आड झालो का मंग करते."

"इतके दिवस झाले."

"झाले ना. तुह्या आईसमोर करते, मामासमोर करते. माह्यासमोर नाई."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आपलं काही तरी कायमचं गेलं आणि ते आपल्याच हातून गेलं, हे माणसाला पटलेलं असतं तेव्हा तो असा बोलतो. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. आमच्याकडे मुली बापाला जवळ घेत नाहीत. मी कुंपणाची एक काडी मोडत उभी राहिले. पलीकडे बराच वेळ काही नाही, आणि मग मातीवर धार पडल्याचा आवाज आला. लांबलचक, थांबेचना. बाबांनी डोळे मिटले. तो आवाज संपेपर्यंत ते तसेच उभे होते.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, तिकडं बरं हाय ना तुले?"

लग्नानंतर त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. फोनवर ते फक्त पाऊसपाणी विचारत. मी महिनोन्‌महिने ठरवून ठेवलं होतं, कोणी एकदा नीट विचारलं तर सगळं सांगायचं. सासूबाईंचे टोमणे, नवऱ्याचा पेपर, स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून काढलेल्या दुपारी, सगळं. बाबांनी ऐकलं असतं. कदाचित मला परत पाठवलंही नसतं. पण ते माझ्याकडे पाहत होते, आणि मला कळलं की त्यांना काय ऐकायचं आहे. त्या फाटकात त्यांनी जे केलं ते माझ्या संसारासाठी केलं होतं. तो संसारच नासका निघाला असं मी सांगितलं असतं, तर लगामाचे ते दोन फटके त्यांनी कशापायी मारले, याला उत्तरच उरलं नसतं.

"बरं हाय, बाबा," मी म्हटलं. "चांगले लोक हायेत."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मान हलवली आणि घोडीचा दोर धरायला कुंपणापलीकडे गेले. त्यानंतर त्यांनी मला ते पुन्हा कधी विचारलं नाही.