बुरुजावरची हिरवी लुंगी

इब्राहिमभाई गेल्याचं पत्र मला कुवेतमध्ये मिळालं तेव्हा रत्नागिरीत त्यांचा चाळिसावाही होऊन गेला होता. आगबोटीचं टपाल, ते कधी वेळेवर येतं! पत्र वाचून मी खिडकीकडे पाहिलं. तिथं त्यांची सुरई होती, काठोकाठ भरलेली.

बारा वर्षांपूर्वी आम्ही इथं एकाच लाँचवर होतो. ते सारंग, म्हणजे लाँचचे कप्तान, मी इंजिन ड्रायव्हर. मिजास अशी, की दर्या जणू त्यांच्या आजोबांना इनाम मिळालेला. दर आठवड्याला आम्ही एका बेटावर गोडं पाणी पोचवायचो. बेट कसलं, बुटका किल्ला आणि भोवती चार पावलं वाळू. पण त्यावर दोन राज्यांचा दावा! निकाल लागेपर्यंत तिथं कुणीच झेंडा लावायचा नाही असं ठरलं आणि पहाऱ्याला एकटा मुराद उरला, म्हातारा बलुच. पूर्वी काही अडलं की तो झेंडा अर्ध्यावर उतरवी आणि आम्ही लाँच वळवत असू. आता उतरवायला झेंडाच नव्हता... हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एका दुपारी दुसऱ्याच कामाला जाताना बुरुजावर हिरवं कापड फडफडताना दिसलं. आमच्या गावाकडच्या किनाऱ्यावर डोंगरमाथ्याला हिरवं निशाण दिसलं की तिथं पिराचा दर्गा असतो. खलाशी, हिंदू असो की मुसलमान, समुद्रातूनच नमस्कार करून पुढे जातो.

"वामन, जाऊन बघूया काय रे?" इब्राहिमभाईंनी विचारलं.

मी हसलो. "अहो, म्हाताऱ्यानं पिराचं निशाण लावलंय. सलाम करा नि चला."

त्यांनी फातिहा पढला, मी हात जोडले आणि आम्ही पुढे गेलो.

चार दिवसांनी पाणी घेऊन पोचलो. बेटावरच्या टाकीला तडा जाऊन थेंबही उरला नव्हता. मुराद बुरुजाच्या सावलीत मरून पडला होता. वर काठीला त्याची हिरवी लुंगी.

कचेरीत साहेबानं विचारलं तेव्हा इब्राहिमभाई म्हणाले, "मीच बोललो, निशाण हाय." मी गप्प राहिलो. त्यांची नोकरी गेली, माझी टिकली. बाहेर येऊन मी रडायला लागलो, तर म्हणाले, "पाणी पी आदी."

पुढे ते बाजारात दोरखंडाच्या दुकानात बसू लागले. खोली आमची एकच राहिली. समुद्राकडच्या खिडकीत ते रोज सुरई भरून ठेवत, शेजारी एक पेला. कुणासाठी, हे मी कधी विचारलं नाही. कायमचे गावी निघाले तेव्हा एवढंच म्हणाले, "ही भरत जा, वामन."

सुरई झिरपते, पाणी उतरणारच, हे मला कळतं. तरी सकाळी ती कमी झालेली दिसली की अंगावर काटा येतो.

त्यांच्या मुलानं पत्रात लिहिलंय, 'कुवेतला अब्बांच्या हातून एक चूक झाली होती, ती त्यांना शेवटपर्यंत छळत राहिली.' म्हणजे त्यांनी घरातही सांगितलं नाही... बाळा, ती चूक माझी होती.

पत्र आल्यापासून मी सुरईशेजारी दोन पेले ठेवतो.