माझी लेक नावं ठेवते

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफ करा. माफी कुणाची मागते तेही कळत नाही, कारण ही वही मी कुणाला दाखवणार नाही. चौथीपर्यंत शिकले, नंतर सहीपुरतंच लिहिलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण लेकीचं काम मला जसं कळलं तसं एकदा मांडून ठेवावंसं वाटलं. बोलायला गेले की चारचौघांत माझी जीभ अडते.

आमचं घर नळदुर्गच्या अलीकडं, हायवेला लागून. पुढं ह्यांचं पंक्चरचं दुकान, मागं आम्ही. मागच्या खोलीत लेक संगणकावर बसते. दिवसभर कंपनीचं काम, ते पगाराचं. संध्याकाळी दुसरं, ते बिनपगाराचं. ठिकठिकाणची पोरंपोरी मिळून संगणकाची एक भाषा बनवतात. संगणकाला काम सांगायचं तर इंग्रजीतून सांगावं लागतं, ही भाषा मराठी शब्दांची. ज्याला पाहिजे त्यानं फुकट घ्यावी, उघडून आत बघावं, चुकलेलं दुरुस्त करून द्यावं.

भाषेबरोबर तयार शब्द येतात. 'मोज' म्हटलं की संगणक मोजतो, 'उलट' म्हटलं की यादी उलटी करतो. त्या शब्दांची नावं ठरवायची, हे माझ्या लेकीकडं. मी एकदा म्हटलं, "एवढं काय त्यात? काहीबाही ठेव."

"आई, तुझा मिसळणाचा डबा कुणी आतून बदलला तर? हळदीच्या वाटीत धनेपूड?"

"न बघता हात घालते मी. भाजीची वाट लागेल."

"तेच. एकदा भाषा लोकांच्या हातात गेली की वाट्या हलवता येत नाहीत. म्हणून आधी भांडायचं."

बचत गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "पोरगी दिवसभर घरात बसून काय करती वं?" मी खाली बघून म्हटलं, "नावं ठेवते."

"अगं बया! ते तर आमी बी करताव, अन् ते बी फुकट!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला लागलं. कारण तो संगणक गटाच्या कर्जातून घेतलेला. गटात मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते कर्ज मागायच्या दिवशी. "माझी पोरगी फेडील," एवढंच म्हटलं होतं, आणि तेवढ्यावर बायांनी पैसे दिले होते. पोरगी नुसती बसून आहे असं त्यांना वाटलं, तर माझ्या त्या एका वाक्याचं काय राहिलं?

पुढं लेकीनं अध्यक्षबाईंना विचारून गटाचा हिशेब त्या मराठी भाषेत घातला. मला म्हणाली, "आता तू लिहून बघ. मी काहीच सांगणार नाही. न सांगता कळलं तर नाव बरोबर."

आमच्या गटात जिचं कर्ज फिटतं तिला पुढच्या बैठकीत नारळ आणि ब्लाऊजपीस देतात, सवाष्ण असो नाहीतर नसो. त्या वेळी बोलावण्याचं काम माझ्याकडं होतं. मला फिटलेल्या बायांची यादी हवी होती. डब्यातल्या शब्दांत 'निवड' दिसला. मी विचार केला, तांदूळ निवडले की खडे जातात. तशा बाकीवाल्या जाऊ देत. म्हणून बोटानं एकेक अक्षर शोधून लिहिलं: निवड, बाया, बाकी आहे.

यादी आली. त्यात माझं नाव होतं.

मी किती वेळ बघत बसले. लेकीनं मला न सांगता सगळे पैसे भरले वाटतं! ती आत फोनवर कंपनीच्या लोकांशी बोलत होती, म्हणून विचारलं नाही. मनात म्हटलं, तिनं गुपचूप केलंय, तर आपणही गुपचूप राहावं. त्या दुपारी मी घरोघर जाऊन 'बैठकीला या' एवढाच निरोप दिला. मी, जी पीठगिरणीतसुद्धा कडेला उभी राहते.

बैठकीत अध्यक्षबाईंनी रजिस्टर उघडलं आणि चष्मा वर केला. "वहिनी, ह्या तर सगळ्या बाकीवाल्या हायेत!"

मागून एक जण म्हणाली, "मंग काय झालं? बाकीवाल्यास्नी बी नारळ द्या की. फोडून खाऊन पुन्हा बाकी ठिवू!"

हसणं थांबेना. दाराशी म्हशीवाली अक्का उभी होती. आमच्याकडं दूध घालते ती. ती हसली नाही. "माझं तर मागंच फिटलंय. मलाच न्हाय बोलावलं?" एवढं म्हणून निघून गेली.

घरी आल्यावर लेकीला विचारलं, "आपले पैसे फिटले का गं?"

"नाही आई. बरेच हप्ते राहिलेत. का?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. ती खाली फरशीवर माझ्याजवळ येऊन बसली. "निवड म्हटल्यावर तुला काय वाटलं?"

मी सूप पुढं ओढलं. "हे बघ. तांदूळ निवडले. काय गेलं? खडे."

"आणि मी धरलं होतं, निवडलं ते ठेवायचं. बाकी असलेल्या निवड म्हटलं की त्याच उरणार." ती सुपाकडं बघत राहिली. "आपण तांदूळ निवडले म्हणतो आणि खडेही निवडले म्हणतो. हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"माझंच चुकलं. मला कुठं येतंय."

"तुझं नाही, नावाचं चुकलं. उद्या कुणी ह्यावर दवाखान्यातल्या औषधांची यादी काढली असती तर?"

आधी आम्ही दोघी अक्काकडं गेलो. ती गोठ्यात होती. मी नारळ पुढं केला आणि मला रडूच आलं. लेकच बोलली. अक्का म्हणाली, "मला नारळाचं न्हाय गं. हिचं फिटलं, असं चार बायांत कुणी म्हणावं, एवढंच वाटत हुतं." मग माझा हात धरून म्हणाली, "रडू नका वं. म्हशी बिचकत्यात."

संध्याकाळी ती दूध घेऊन आली तेव्हा लेकीची आणि त्या पोरांची संगणकावर बोलणी चालली होती. अक्का उंबऱ्यातच टेकली. आतून त्यांतल्या पुण्याच्या एका मुलाचा आवाज आला, "निवडच बरोबर आहे. निवडणुकीत आपण ज्याला निवडतो तो राहतो."

अक्का म्हणाली, "कुठला ऱ्हातो? निवडून आला की जातोच की! पाच वर्सं तोंड दावत न्हाय."

तिकडं सगळी पोरं हसली. मी दाराआडून हळूच म्हटलं, 'पाखड' ठेवा. पुण्याच्या मुलाला पाखडणं ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, आगपाखड वाटेल, कुणाला तरी शिव्या द्यायच्या आहेत असं. माझा शब्द तिथंच पडला. 'चाळ' निघाला. पण पीठ चाळलं तर खालचं घ्यायचं, गहू चाळले तर वरचं. तोही गेला.

अक्का सहज बोलून गेली, "आमी ज्वारी निघाल्यावर सरवा वेचाय जायचो, रानात पडून ऱ्हायल्याली कणसं. वेचलं ते पदरात."

लेक ताठ झाली. "वेचलेलं नेहमी आपल्याकडंच येतं?"

"मंग काय, टाकाय वेचत्यात व्हय?"

"आम्ही खडेही वेचतो," मी म्हटलं.

"तेव्हा हातात खडेच येतात ना आई? मागितले ते आले. तांदूळ वेच म्हटल्यावर कुणी खडे देणार नाही."

त्यांतल्याच नागपूरच्या एका मुलीनं विचारलं, 'वेच' म्हटलं तर मूळ यादीतून नावं निघून जातील असं नाही का वाटणार? मूळ तर तशीच राहायला हवी. मग हुकूम नको, जे हातात येतं त्याचंच नाव द्यावं, 'वेचलेले'.

"बायास्नी 'वेचलेले' म्हणत्यात व्हय?" अक्का म्हणाली.

बाया म्हटलं तर वेचलेल्या, बैल म्हटलं तर वेचलेले, आणि यादीत काय येईल हे आधी कुणाला ठाऊक? शेवटी नागपूरचीच मुलगी हसत म्हणाली, "वेचून. आणि उलट पाहिजे तर वगळून." त्यात बाई, बैल सगळं बसलं. पुण्याचा मुलगा कुरकुरला, पण रात्री त्यानंच ते बदलून घातलं, असं लेकीनं सांगितलं.

भाषा लोकांना खुली झाली तेव्हा आमच्याकडं लाईट नव्हती. ह्यांनी दुकानाच्या बॅटरीवर तिचा फोन लावून दिला. दुसऱ्या दिवशी ट्रकवाल्यांना म्हणत होते, "पोरीनं संगणकाचं बारसं केलंय."

परवा तिनं पगारातून शेवटचा हप्ता काढून माझ्या हातात दिला. "आई, तूच भर." मी बैठकीत उभी राहिले, नोटा अध्यक्षबाईंपुढं ठेवल्या. त्यांनी रजिस्टरात लिहिलं, लेकीनं बरोबर आणलेल्या संगणकात. मग संगणक माझ्याकडं फिरवला. मी बोटानं शोधत लिहिलं: वेचून, बाया, बाकी आहे.

यादी आली. मी वरून खाली वाचली, आणि पुन्हा खालून वर. अक्कानं मागून वाकून विचारलं, "काय म्हणतंय वं?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमचं नाव नाही. फिटलं."