पोट दुखस

सुरतेत पर्वत पाटियाच्या मागे आमची एक खोली होती. नवरा लूमवर जायचा, मी घरी साड्यांचे धागे कापायची. उलट्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीने कापायचे, घडी घालायची, गाठोडं परत द्यायचं. माल देणारा आमच्या धुळ्याकडचाच. मला भाऊ नाही. इथे आलो त्याच वर्षी मी त्याला राखी बांधली आणि तो माझ्या पोरींचा मामा झाला. त्याने काम कधी कमी पडू दिलं नाही, खोटं कशाला सांगू.

गाठोडं परत द्यायला माझी मोठी जायची. दहा वर्षांची होती. त्याचं दुकान दोन गल्ल्या पुढे. काही महिन्यांनी ती निघायच्या वेळीच म्हणायला लागली, "माय, पोट दुखस." मी ओवा चावायला दिला. परत दुखलं, परत ओवा. शेजारीण दारातून म्हणायची, "गाठोडं पाहिलं की हिच्या पोटात बरं दुखतं!" मीही हसायची. एकदा तर पाठीत धपाटा घालून पाठवली.

पुढे तिची शाळा दुपारची झाली आणि मी स्वतः जायला लागले. पोट दुखायचं थांबलं. ओव्याचा गुण आला असं मी समजले.

पाच वर्षांनी माझे गुडघे धरले. धाकटी तेव्हा दहाची झाली होती. एका दुपारी मी आणि मोठी साडीची घडी घालत होतो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. मी म्हटलं, "उद्यापासून गाठोडं धाकटी नेईल."

घडी घालायला दोघींनी पुढे यायचं असतं. ती आलीच नाही. तिकडूनच, साडीकडे बघत, मामा तिच्याशी काय करायचा ते तिने सांगितलं. चार वाक्यं बोलली. ती इथे लिहीत नाही, ती तिची आहेत.

माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं, "मंग तवय का नही सांगं?"

"सांगं व्हतं ना, माय. पोट दुखस, सांगं व्हतं."

मग ती म्हणाली, "आनि तुले तो एकच भाऊ. म्हनीसन नही सांगं."

माझा भाऊ तुटू नये म्हणून एवढीशी पोर पाच वर्षं तोंड शिवून बसली होती. आज बोलली तीही धाकटीसाठी. मी साडी गोळा करत तिच्यापर्यंत गेले आणि तिला जवळ घेतलं. आधी ताठ उभी राहिली. मग हळूहळू सगळं वजन माझ्यावर टाकलं. गुडघे दुखत होते, तरी हलले नाही.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "पाच वरीस झाले. आता कशाले?"

"तू घर थांब. मी जास," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गाठोडं घरातच राहिलं. मी आणि मोठी चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी तिचं सगळं ऐकलं, मग तिच्याकडे बघून विचारलं, "पांच वरस सुधी केम न बोली?"

पाच वर्षं का बोलली नाही, हे ऐकून तिने मान खाली घातली. मी म्हटलं, "बोलली होती, साहेब. पोट दुखतं म्हणाली होती. मी तिला ओवा दिला. उशीर तिचा नाही, माझा. तसं लिहा."

त्यांनी लिहून घेतलं. मी मराठी चौथी पास, गुजराती मला वाचता येत नाही. सही करायच्या आधी कागद पोरीच्या हातात दिला. ती गुजराती शाळेत शिकलेली. ओळींवर बोट फिरवत ती एका ठिकाणी थांबली.

"ओवा बी लिखेल शे, माय," ती म्हणाली.

मग मी सही केली.